मंगळवारची पाळी

पोलीस पाटलांनी वहीत आखून दिलंय:
मंगळवार, रात्री अकरा ते चार,
मी आणि इलाही तांबोळी.
एक बॅटरी, दोन काठ्या,
शिट्टी खेळाच्या सरांची, सकाळी शाळेत परत द्यायची.

पोळ्याच्या आठवड्यात कलावती उटग्यांचं कपाट फुटलं.
बोरमाळ गेली, भरलेलं सिलिंडर गेलं.
जाता जाता चोरांनी फ्रीजमधलं दही खाल्लं
आणि वाटी धुऊन पालथी घातली.
गावभर त्या वाटीचीच चर्चा.
समोरच्या घरात माणसं जागी होती, टीव्ही चालू होता.
पण समोर म्हणजे इथं किती लांब!
मधे रस्ता, मग नाली, नालीपल्याड कुंपण,
सरकारनं टेप लावून दिलेलं अंतर.

जुन्या गावात भिंतीला भिंत होती.
माळवदावरून माळवदावर कोरड्यासाची वाटी जायची.
कुणाचं पोर खोकलं की पलीकडून आवाज यायचा,
ओवा शेकला का गं?
चोर शिंकला असता तर तीन घरं उठली असती.
दोन हात रुंद भिंत, दगड आणि पांढरी माती.
तीच मग.
मी सात वर्षांचा होतो, मामाकडं, मुरूमला.
म्हणून आज काठी घेऊन फिरतोय.

इलाही प्रत्येक कुलूप हलवून बघतो.
पुण्याला गेलेल्यांची कुलपं जड, थंड.
त्यांच्या ओट्यावरच्या लग्नपत्रिका तो गोळा करतो,
साठल्या की घर रिकामं कळतं म्हणून.
लग्नं होऊन गेलेली असतात.
मी वायरमन, माझी नजर वर:
चौदा खांब, नऊ दिवे.
उरलेल्या पाचांचा अर्ज मीच लिहिलाय, मलाच.

सतरा नंबरला दार नुसतं लोटलेलं.
आत निलव्वा बिराजदार, एकटी, सत्तरीपुढची.
फौजदार आले होते तेव्हा चावडीपुढं पत्रक वाचलं:
रात्री कडीकोयंडा नीट लावावा,
अनोळखी इसमास दार उघडू नये.
मागून निलव्वा उठल्या.
"त्या रातीला लावलीच हुती की कडी, सायेब.
आतनं.
पाच जणं हुतो आम्ही. म्या तेवढी अंगणात निजले, उकडतंय म्हणून."
फौजदारांनी पत्रक उलटून पाहिलं.
मागची बाजू कोरी होती.

कुणीतरी म्हणालं, कॅमेरा बसवू.
कुणी म्हणालं, कुत्रं पाळा, मावशी.
इलाही काहीच बोलला नाही.
घरी जाऊन त्यानं माळ्यावरून
विकलेल्या बैलाची घुंगरमाळ काढली,
एकच घुंगरू सोडवलं, बाकी परत गुंडाळून ठेवली.
मी सहा नंबरच्या खांबावर चढलो.
नायलॉनची दोरी: निलव्वांच्या दारातून खांबावर,
खांबावरून, उसाची ट्रॉली जाईल इतक्या उंचीनं,
रस्ता ओलांडून इलाहीच्या खिडकीत, त्याच्या उशाशी.
साहेबांना सांगितलेलं नाही.
नोकरीत ओढलेली ही माझी एकच लाईन
जिच्यात करंट नाही.

पहिल्या रात्री घुंगरू सात वेळा वाजलं.
इलाही सातही वेळा काठी घेऊन पळाला, एकदा अनवाणी.
दोनदा मांजर.
पाचदा निलव्वाच,
अंधारात उठून दार ओढून बघत होत्या,
उघडतंय का.

पावणेचार.
आता एकेका घरात दिवा लागतो.
गजर नाही, बांग नाही, कुणी कुणाला उठवत नाही.
माणसं ओट्यावर येऊन नुसती बसतात,
थोडं पाणी पितात.
या वेळेला आमच्या गावात चोर येणार नाही,
आला तर त्यालाही कुणीतरी बस म्हणेल.

मी शिट्टी पुसून खिशात टाकतो.
रस्त्यावर, डोक्यावरून, दोरी जराशी थरथरते.
खिडकीत घुंगरू.
इलाही काठी उचलत नाही आता.
"उघडतंय," म्हणतो,
आणि विडी पेटवतो.